चावी माझ्या खिशात होती

फाटक्या सायलेन्सरची एखादी गाडी घरावरून गेली की शेजारीपाजारी शिव्या घालतात. मी मात्र हातातला पेपर खाली ठेवतो आणि तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकत बसतो. बायको म्हणते, ‘निवृत्त झालात, आता तरी सोडा.’ तिला कसं सांगू, की त्या आवाजानं मला एक केस आठवते आणि आपण थोडक्यात वाचलो असं दर वेळी नव्यानं वाटतं. वाचलो म्हणजे मी, एक तरुण आणि त्याच्याबद्दल पक्की खात्री असलेलं त्याचं अख्खं गाव. नावं कोणाचीच घेत नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि आपापल्या संसारात सुखी आहेत.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम जोरात होता. हंगामात आमचा दिवस ठरलेला असायचा. सकाळची हजेरी झाली की पहिला फोन उलटलेल्या ट्रॉलीचा, दुसरा ट्रॉलीनं तोडलेल्या विजेच्या तारेचा आणि तिसरा ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्या ड्रायव्हरबद्दलच्या तक्रारीचा. गुन्हे फारसे नसत, धावपळ मात्र दम काढायची.

अशाच एका सकाळी बारामतीच्या सरकारी दवाखान्यातून कळवण्यात आलं, की अपघातातला एक जखमी दाखल झालाय. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेला गाडीवान होता. उसानं भरलेली बैलगाडी घेऊन तो कारखान्याकडे निघाला होता. कालव्याच्या चारीलगतच्या वळणावर मागून एक पांढरी चारचाकी प्रचंड आवाज करत बाजूनं गेली. बैल बुजले, उधळले आणि गाडी चारीत कलंडली. गाडीवानाचा पाय उसाखाली सापडून मोडला. बैल नशिबानं खरचटण्यावर निभावले. गाडीच्या मागून चालत येणारी त्याची बायको फिर्यादी झाली.

‘गाडी कसली हुती, बाई?’ आमच्या हवालदारानं विचारलं.

‘पांढरी. धुरळ्यात दुसरं काय दिसंना. पर आवाज असा, की काळजात धस्स झालं बगा.’

आमच्या भागात पांढरी गाडी हे काही वर्णन नव्हे. चारातल्या तिघांकडे पांढरीच असते. अज्ञात वाहनचालकाविरुद्ध गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि कामाला लागलो.

फार शोधावं लागणार नाही असं दिसत होतं. दोनच दिवसांनी त्या वळणाजवळच्या गावातले एक निवृत्त शिक्षक स्वतःहून ठाण्यात आले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा आणि कानात श्रवणयंत्र. वाहनांच्या गोंगाटाविरुद्ध त्यांनी गावात मोहीमच उघडली होती. ग्रामसभेत ठराव, शाळेत भाषणं, पंचायतीच्या फळ्यावर रोज नवा सुविचार. माणूस सरळ आणि तळमळीचा, पण एकदा बोलायला लागला की थांबवणं कठीण.

‘मी कालच मुलीकडून, वडगाव निंबाळकरहून परतलो आणि हे कानावर आलं,’ ते म्हणाले. ‘साहेब, गाडी कुणाची हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.’

त्यांनी ज्याचं नाव घेतलं तो त्यांचाच जुना विद्यार्थी होता. मी त्याला चांगला ओळखत होतो. सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढून गावभर गाडी फिरवतो म्हणून पूर्वी मीच त्याला ठाण्यात बोलावून दम भरला होता. त्याची गाडी आली की कोंबड्या उडायच्या आणि म्हाताऱ्या दारात येऊन त्याच्या सात पिढ्या काढायच्या.

जाताना गुरुजींनी कानातलं यंत्र काढलं, फुंकलं आणि परत बसवलं. ‘हेही दुरुस्तीला टाकायचंय,’ ते म्हणाले. ‘इथं बरं चालतं. माझ्या गाडीत बसलं की घूं घूं करतं, म्हणून काढून खिशात ठेवतो. आज एसटीनं आलो म्हणून बरं.’ मी मान हलवली. पोलीस ठाण्यात माणसं तक्रारीसोबत आपली दुखणीही सांगतात, त्यातलंच हे एक असं समजलो.

मी गावात जाऊन जबाब घेतले. टपरीवाला म्हणाला, त्या सकाळी आवाज आला तेव्हा आपण चहा गाळत होतो, आवाज त्याचाच. डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं म्हणाली, त्याचाच. रस्त्याकडेच्या एका घरातल्या आजीबाई तर म्हणाल्या, ‘आवंदा जरा गप पडला असं वाटलं हुतं, पर पुन्यांदा सुरू झालंय मेल्याचं. परवाबी ऐकलं म्या.’

पाहिलं कोणीच नव्हतं. तरी एकही माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. आमच्याकडे गाडी डोळ्यांनी बघायची गरज पडत नाही. घरात बसल्या बसल्या माणसं सांगतात, दुधाचा टेम्पो आला, डॉक्टरांची गाडी गेली, अमक्याचा ट्रॅक्टर चढाला लागला. आणि ते बरोबरही निघतं. त्यामुळे आपल्या कानांवर त्यांचा गाढ विश्वास असतो.

खरी अडचण माझ्या टेबलावर होती. त्या तरुणाची पोलीस भरतीत निवड झाली होती. किती वर्षं माळावर पळत होता, हे मी येता-जाता पाहिलं होतं. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद नेमका त्याच दिवसांत माझ्याकडे आला होता. गुन्ह्यात आरोपी म्हणून त्याचं नाव आलं की मला तसा अहवाल पाठवावा लागणार आणि नोकरी जवळपास गेल्यातच जमा. मी तो कागद पेपरवेटखाली ठेवला आणि पोराला बोलावून घेतलं.

सोबत त्याचे वडील आले. ते दारातच उभे राहिले. पोरगा समोर बसला. चेहरा उतरलेला, पण नजर चुकवत नव्हता.

‘त्या दिवशी सकाळी कुठं होतास?’

‘रानात, साहेब. लाइट आली हुती. पाणी धरत हुतो.’

‘सोबत कोण?’

‘कोन असनार? मी आन् मोटर.’

‘आणि गाडी?’

‘घरी हुती. आन् आता तिला आवाजच न्हाय, साहेब. सायलेन्सर बदलला मी. कंपनीचा बसवला परत.’

‘कधी?’

‘मागं तुमी दम दिला, त्यानंतर आबा म्हणाले, वर्दी घालायची आसंल तर आदी ह्यो तमाशा बंद कर. तवाच बदलला.’

दारातून वडील म्हणाले, ‘व्हय साहेब. पोरगं लबाड आसतं तर मीच धरून आनलं आसतं.’

मी हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. गाडीखाली वाकून पाहिलं. सायलेन्सर खरंच कंपनीचा होता, पण त्याचे बोल्ट नवे, चकचकीत. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांच्या मनात एकच आलं. अपघातानंतर घाईघाईनं बदललेला असणार. ज्या गॅरेजवाल्यानं बदलला तो म्हणाला, अपघाताच्या बराच आधी बदललाय. पण तो त्याचा जिगरी दोस्त, त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा नष्ट केल्याचाही ठपका त्या पोरावर यायची वेळ आली. मी गाडी ताब्यात घेतली, पंचांसमक्ष चावी घेतली आणि खिशात टाकली.

ठाण्याबाहेर गावातली माणसं जमली होती. ‘साहेब, नाव का घालत न्हाय? पोलिसात जानार म्हनून सांबाळताय व्हय?’ एकानं विचारलं. बोचलं, पण प्रश्न रास्त होता. खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही तोच आरोपी वाटत होता. फक्त कोणीही त्याला पाहिलेलं नव्हतं आणि नुसत्या आवाजावर एखाद्याचं आयुष्य उलटंपालटं करायला हात धजत नव्हता.

‘आधी मोजू, मग बोलू,’ मी म्हणालो.

बारामतीच्या परिवहन कार्यालयाला पत्र दिलं. तिथले एक मोटार वाहन निरीक्षक आवाज मोजायचं यंत्र घेऊन यायला तयार झाले. जागा ठरली गावाचा बाजारतळ. मोकळं मैदान, जवळ भिंती नाहीत आणि त्या दिवशी बाजार नव्हता. कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या, त्यामुळे फिर्यादी बाईही तिथंच होती. नवरा अजून दवाखान्यातच होता.

गावाला वाटलं, यंत्र लावलं की आकडा आला, झालं. निरीक्षक मात्र भलते काटेकोर. त्यांनी आधी मैदानातला नुसता आवाज मोजला, गाडी न लावता. आजूबाजूचाच गोंगाट जास्त असेल तर गाडीचा आवाज मोजून उपयोग नसतो, असं त्यांनी समजावलं. मग शेजारची पिठाची गिरणी बंद करायला लावली. गिरणीवाला कुरकुरत आला आणि यंत्र बघायला पुढच्या रांगेत उभा राहिला. माणसांना गप्प करणं त्याहून अवघड गेलं. एवढी शांतता त्या गावानं फक्त श्रद्धांजलीला पाळली असेल, आणि त्यातही कोणाचा तरी मोबाइल वाजलाच.

यंत्राचं टोक सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर, तिरकं लावलं. हवालदारानं गाडी सुरू केली, ठरलेल्या वेगापर्यंत इंजिन चढवलं आणि सोडलं. असं पुन्हा पुन्हा केलं. निरीक्षकांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, ‘मर्यादेच्या आत आहे. आरामात आत आहे.’

गर्दीत हशा पिकला. ‘आता आत आसनारच की! बदललाय त्यानं!’

मीही तेच म्हणणार होतो. म्हणून त्याचा जुना सायलेन्सर मी सोबत आणायला लावला होता. गॅरेजवाल्यानं तो चढवला. गाडी सुरू होताच कोप्यांमागची कुत्री भुंकत सुटली. निरीक्षकांनी आकडा बघून कपाळाला हात लावला. कायद्याची मर्यादा केव्हाच मागे पडली होती. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. पोराचे वडील खाली मान घालून उभे होते. मी हवालदाराला गाडी बंद करायला सांगितली, चावी परत खिशात ठेवली आणि त्या बाईंकडे गेलो.

‘ताई, हाच आवाज होता का?’

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, आणि सगळ्या गावाला ‘व्हय’ ऐकायचं होतं. परक्या मुलखात पोटासाठी आलेल्या बाईनं ‘व्हय’ म्हणून टाकलं असतं तर तिला कोणीच दोष दिला नसता.

‘न्हाई, सायेब,’ ती म्हणाली. ‘ह्यो ठोकल्यावानी वाजतोय. त्यो फाटल्यावानी वाजत हुता. कापड टराटरा फाडावं ना, तसा.’

‘अगं बाई, नीट आठव,’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘माझा मालक आडवा पडलाय. मी इसरंन व्हय?’

गर्दी कुजबुजायला लागली. कोणी म्हणालं, घाबरली. कोणी म्हणालं, पोराच्या बापानं गाठली असणार. मी काय करावं ते ठरवत होतो, तेवढ्यात रस्त्याकडून आवाज आला.

मोठा, फाटलेला, खडबडीत आवाज. आणि तिथं एक गोष्ट घडली, जी मी जन्मभर विसरणार नाही. आवाज कानावर पडताच मैदानातल्या अर्ध्याहून जास्त माणसांनी सवयीनं मान वळवून त्या पोराकडे पाहिलं. टपरीवाल्यानं पाहिलं, डेअरीतल्यांनी पाहिलं. त्या आजीबाई तर ‘बगा, लागला परत!’ असंही म्हणून गेल्या. पोरगा माझ्या शेजारी हात बांधून उभा होता. त्याची गाडी बंद होती. चावी माझ्या खिशात होती.

माणसं त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या गाडीकडे, मग हळूहळू रस्त्याकडे. धूळ उडवत एक पांढरी गाडी मैदानात शिरली आणि आमच्यापाशी येऊन थांबली. दार उघडून गुरुजी उतरले.

‘उशीर झाला,’ ते मोठ्यानं म्हणाले. ‘वस्तीच्या वाटेला ट्रॉली अडकली होती. झाली का मोजणी? किती आला आवाज?’

गुरुजींनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांचा कान मोकळा होता. यंत्र सदऱ्याच्या खिशात होतं. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. ‘माझ्या गाडीत बसलं की घूं घूं करतं.’ यंत्र बिघडलेलं नव्हतं. बिचारं इमानानं सांगत होतं, की गाडी बोंबलते आहे.

कोप्यांच्या कडेला ती बाई उठून उभी राहिली होती. ‘ह्योच,’ ती म्हणाली. ‘ह्योच आवाज, सायेब.’

मी गुरुजींजवळ गेलो. ‘गुरुजी, जरा कानात यंत्र घाला.’ त्यांनी घातलं. मी हवालदाराला त्यांची गाडी सुरू करायला सांगितली. गुरुजी दचकून एक पाऊल मागे सरले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो चेहरा बघवत नव्हता.

निरीक्षकांनी मोजणी केली. मर्यादेच्या बऱ्याच बाहेर. मग ते गाडीखाली शिरले. हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या वस्तीच्या वाटा दोन्ही बाजूंनी खोल दाबतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. बुटकी गाडी गेली की तिचं पोट त्याच्यावर घासतं. गुरुजींच्या गाडीचा सायलेन्सर सांध्यात उकलला होता आणि त्यात उसाच्या पाचटाच्या काड्या अडकल्या होत्या. गुरुजी राहायचे रानातल्या वस्तीवर, गाडी काढायचे क्वचित, मुलीकडे जायला. आणि ती गावातून गेली की गाव कूस बदलून त्या पोराला शिव्या घालायचं.

‘त्या दिवशी सकाळी मुलीकडे गेलात तेव्हा वाटेत बैलगाडी लागली होती का?’ मी हळूच विचारलं.

‘लागली होती. चारीच्या वळणावर. मी हॉर्न दिला आणि पुढं गेलो.’ त्यांचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. ‘मागं काय झालं ते मला... मला काहीच ऐकू आलं नाही हो.’

ते तिथंच मातीत बसले. आपला कडक इस्त्रीचा सदरा मळतोय याचंही भान त्यांना नव्हतं. मग म्हणाले, ‘माझं नाव लिहा, साहेब. आत्ताच लिहा. ह्या पोराचं पुसा.’

‘त्याचं लिहिलंच नव्हतं, गुरुजी,’ मी म्हणालो.

हे वाक्य उच्चारताना मला किती हायसं वाटलं, ते आज कागदावर सांगता येत नाही. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं. पोराचे वडील गर्दीतून पुढे आले. मला वाटलं, आता गुरुजींवर तोंडसुख घेतील. त्यांनी गुरुजींच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, ‘उठा गुरुजी. उन्हात बसू नका.’ पोरानं पाण्याची बाटली आणून दिली. गर्दी मात्र झपाट्यानं पांगली. गिरणीवाल्याला अचानक दळणं आठवली, टपरीवाल्याला चहा. त्या आजीबाई तेवढ्या जाताना पोराच्या पाठीवर थाप मारून गेल्या. ‘कान म्हातारं झालं माजं,’ म्हणाल्या.

पुढचं सगळं सरळ झालं. गुरुजींवर रीतसर दोषारोपपत्र गेलं. न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला, वकीलसुद्धा दिला नाही. निकालाच्या आधीपासूनच ते दवाखान्यात गाडीवानाच्या उशाशी जाऊन बसत. गाडीवानाचा पाय जुळला. पुढच्या हंगामात तो थोडा लंगडत, पण आपल्याच बैलांमागे चालत पुन्हा आला, आणि त्या टोळीला वस्तीवर पाण्याची सोय गुरुजींनी करून दिली. गाडी त्यांनी विकून टाकली. मुलीकडे ते एसटीनं जायला लागले.

चारित्र्य पडताळणीचा कागद मी त्याच संध्याकाळी पेपरवेटखालून काढला आणि स्वतःच्या हातानं अहवाल लिहिला. बदनाम पोरगा सुधारला, की ते कोणाच्या लक्षात येत नाही. तो गोंगाट करत होता तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं. गप्प झाला ते फक्त त्याच्या बापाला माहीत होतं. तपासात मी इतकी वर्षं घालवली, माणसाच्या लौकिकावरून अंदाज बांधायची सवय मलाही होतीच. त्या दिवसापासून अंदाज आला तरी तो मनात ठेवायचा आणि हातात काय आहे ते आधी बघायचं, असं मी ठरवून टाकलं.

निवृत्तीनंतर एकदा डाळजकडे एका लग्नाला एसटीनं निघालो होतो. महामार्गावर नाकाबंदी होती, म्हणून गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याकडेला चारपाच मोटारसायकली अडवलेल्या. त्यांतल्या केस रंगवलेल्या, कानात बाळी घातलेल्या एका पोराकडे बोट दाखवून एक भाजीवाला तावातावानं सांगत होता, ‘ह्योच, साहेब! सकाळपास्नं आवाजानं डोस्कं उठवलंय ह्येनं!’

समोर उभा असलेला पोलीस शिपाई म्हणजे त्या केसमधला तरुण होता. वर्दीत उंच दिसत होता. त्यानं त्या पोराच्या केसांकडे पाहिलं नाही, बाळीकडे पाहिलं नाही. गुडघे टेकून त्याच्या मोटारसायकलीखाली वाकला, उठला आणि पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं.

‘थांबा, काका,’ तो भाजीवाल्याला म्हणाला. ‘आधी मोजू, मग बोलू.’

कंडक्टरनं घंटी मारली आणि एसटी हलली. मी हाक मारली नाही. इंजिनाच्या घरघरीत त्याला ऐकू गेली नसती, आणि तो कामात होता.